बाबांसोबत ‘उमा मुसुमे’ बघतेय. खऱ्या घोड्यांचं काय झालं ते आधी सांगू की नंतर?

खाडीपलीकडची (ऐरोली)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय वेडगळ वाटेल, म्हणून जरा लांबण लावते.

माझे बाबा ७१ वर्षांचे. आम्ही आधी कळव्याला राहायचो. बाबा कारखान्यात होते आणि नोव्हेंबर ते एप्रिल, म्हणजे मुंबईत रेसचा मोसम असेपर्यंत, त्यांचे रविवार महालक्ष्मीला जायचे. कळव्याहून दादर, दादरला पूल चढून वेस्टर्नची गाडी. घरी सांगायचं, युनियनची मीटिंग आहे. आईला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं, कारण युनियनच्या मीटिंगला कोणी दुर्बीण घेऊन जात नाही. पैसे त्यांनी कधी फार लावले नाहीत. टनाला, म्हणजे पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायची पैज, लागला तर येताना जिलब्या यायच्या, नाही लागला तर मीटिंग लांबलेली असायची.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते माझ्याकडे ऐरोलीला आहेत. पेपर वाचून होतो, बातम्यांचा वीट येतो, मालिकांना ते शिव्या घालतात.

महापेला माझ्या ऑफिसात एक मुलगा आहे, त्याने ‘उमा मुसुमे: प्रिटी डर्बी’ बघ म्हणून पिच्छा पुरवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जपानमधले खरोखरचे नावाजलेले रेसचे घोडे इथे मुली होऊन जन्माला आलेत. डोक्यावर घोड्याचे कान, मागे शेपटी. ट्रेसेन अकादमी नावाच्या शाळेत राहतात, खऱ्या रेसकोर्सवर खऱ्या नावाच्या शर्यती पळतात, आणि जिंकलं की संध्याकाळी स्टेजवर नाचून गातात. तुमच्या भुवया आता जिथे गेल्या तिथेच माझ्याही गेल्या होत्या.

तर मी बघत बसले होते आणि बाबा चहाचा कप घेऊन मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता ‘हे काय भलतंच’ ऐकावं लागणार. एक अख्खी शर्यत त्यांनी उभ्यानेच बघितली आणि विचारलं, ‘हिला वजन किती?’

मी म्हटलं, कसलं वजन?

‘अगं, प्रत्येक घोड्याला पाठीवर वाहायचं वजन ठरवून दिलेलं असतं. आणि जॉकी कुठाय?’

जॉकी नाहीच म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं. मग पल्ला विचारला. मी म्हटलं, २४०० मीटर. ‘म्हणजे डर्बीचाच. बरं.’ आणि बसले.

तेव्हापासून रोज जेवण झालं की एक भाग. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये मुली फिरतात ते त्यांना आवडतं. गेट उघडतानाचा आवाज आवडतो. कोणी वळणावर बाहेरून आली की मान हलवतात, म्हणतात, कुंपणाजवळचं गवत तुडवून खराब झालेलं असतं, तिला कळतंय. गाणं लागलं की उठून पाणी प्यायला जातात. ‘जिंकलं की कप द्यायचा, फोटो काढायचा, सोडायचं. नाचवताय कशाला दमलेल्या पोरीला?’

आता अडचण अशी. पहिल्या सीझनच्या सातव्या भागाच्या तोंडावर आलोय. बाबांची लाडकी सायलेन्स सुझुका, कारण ती स्टार्ट टू फिनिश पुढे पळते आणि तोंडातून शब्द काढत नाही. मी आगाऊपणा करून खऱ्या सायलेन्स सुझुकाबद्दल वाचलं. आता मला माहीत आहे आणि त्यांना नाही, आणि रोज जेवताना ते विचारतात की ह्या घोड्याचं पुढे काय झालं, तुझ्या फोनमध्ये असेल ना.

सांगू की नको? आणि हा सीझन संपला की पुढे काय लावू, दुसरा सीझन की ओगुरी कॅप नावाच्या घोड्यावरची जोडमालिका ‘सिंड्रेला ग्रे’? माणूस रेसवाला आहे हे लक्षात ठेवून सांगा. त्यांना कान आणि शेपटीचं काही पडलेलं नाही.

जीबीरोडचा_कैदी (ठाणे)

मी घोडबंदर रोडला राहतो. संध्याकाळी सातला इथे कोणतीही उमा मुसुमे बसपेक्षा आधी कासारवडवलीला पोचेल, पुढून पळणारी असो नाहीतर मागून येणारी.

सांगू नका, एवढंच माझं मत. बाबांना मालिकेतल्या त्या खोडकर गोल्ड शिपवर सोडून द्या, मजा येईल.

उपवनची_फिजिओ (ठाणे)

ज्यांनी पहिले दोन सीझन बघितले नाहीत त्यांनी इथून खाली वाचू नका. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या शर्यतींचे निकाल फोडतेय याची मला कल्पना आहे, पण ह्या मालिकेत तेच स्पॉयलर असतात.

खाडीपलीकडची, सांगू नकोस. आधी तर नाहीच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. १ नोव्हेंबर १९९८, तोक्यो रेसकोर्स, शरद ऋतूतली तेन्नो शो ही मोठी शर्यत, २००० मीटर. सायलेन्स सुझुकावर जॉकी यूताका ताके होता. पहिले १००० मीटर ५७.४ सेकंदांत, बाकीचे घोडे इतके मागे की कॅमेऱ्याला सगळे एका चौकटीत धरता येईनात. आणि शेवटच्या सरळ पट्ट्याकडे यायच्या आधीच्या वळणावर पुढचा डावा पाय मोडला. त्याला त्याच दिवशी दयामरण दिलं. मालिकेत नायिका स्पेशल वीक धावत जाऊन तिला सावरते आणि सुझुका वाचते.

मी माणसांची फिजिओ आहे, घोड्यांची नाही. पण ही मालिका बघताना मी गुडघ्याच्या खालीच बघत होते, त्याला इलाज नाही. लोक विचारतात, पाय मोडला तर प्लास्टर का नाही घालत? रेसच्या घोड्याचं वजन साधारण साडेचारशे ते पाचशे किलो, त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या दोन पायांवर. गुडघ्याखाली त्याला स्नायू जवळजवळ नसतातच. हाड, कंडरा (टेंडन) आणि कातडी, त्यामुळे रक्तपुरवठा बेताचा. माणसाला सहा आठवडे झोपवून ठेवता येतं, घोड्याला नाही. तीन पायांवर उभा राहिला की चांगल्या पायावर इतका भार येतो की त्याच्या खुराच्या आतला भागच सुजून सुटायला लागतो. म्हणजे मोडलेला पाय बरा होता होता धड पाय जातो. म्हणून तो निर्णय. क्रूरपणा नसतोच असं मी म्हणत नाही, पण बरेचदा दुसरा रस्ता खरंच नसतो.

आता माझं भांडण. पहिल्या सीझनने सुझुकाला वाचवलं, ते मला पटलं. कोणीतरी वीस वर्षं मनात धरून ठेवलेली गोष्ट चित्रात पुरी केली, करू दे. पण तिला परत धावायला लावलं ते फार स्वस्तात झालं. थोडं चालणं, थोडं रडणं, मैत्रिणीचा हात, आणि मॅडम ट्रॅकवर. माझ्याकडे वर्षा मॅरेथॉनच्या आधी नडगी धरून येणारी मंडळी हेच बघून येतात की काय कोण जाणे. ‘मॅडम, रविवारपर्यंत होईल ना?’

दुसरा सीझन वेगळा आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच: पुढे दुसरा सीझन लाव. तिथे लिहिणाऱ्यांना चमत्कार घालावा लागलाच नाही, तो नोंदवहीत होता. टोकाई टेओ हा घोडा. १९९१ मध्ये तिहेरी मुकुटाच्या तीनपैकी पहिल्या दोन शर्यती, सात्सुकी शो आणि डर्बी, एकदाही न हरता जिंकला. डर्बीनंतर पाय मोडला, त्यामुळे तिसरा मुकुट, किक्का शो, हुकला. परत आला, १९९२ च्या वसंतातल्या तेन्नो शोमध्ये मेजिरो मॅक्वीनकडून हरला, पुन्हा फ्रॅक्चर. त्याच वर्षी जपान कप जिंकला. पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा फ्रॅक्चर. पुढे काय झालं ते इथे लिहिलं तर तू बाबांसमोर तोंड आवरणार नाहीस, म्हणून लिहीत नाही.

मालिकेतली टेओ सुरुवातीला अगदी डोक्यात जाते. नाचरी, आगाऊ, ‘कैचो, कैचो’ करत विद्यार्थी अध्यक्षांच्या मागे. पण पहिल्या फ्रॅक्चरनंतर डॉक्टर महिन्यांची भाषा करतात आणि ती शर्यतीच्या तारखेची, तो प्रसंग मी इतक्या वेळा टेबलाच्या पलीकडून बघितलाय की मला खुर्चीत बसवेना. तिसऱ्यांदा तर प्रश्न हाडाचा राहतच नाही. हाड जुळतं. पूर्वीसारखं पळता येणार नाही हे कळल्यावर पळायचं तरी का, असा तो प्रश्न आहे, आणि त्याला माझ्याकडे कुठलाच व्यायाम नाही.

आणि विनोद कुठे कामाला येतो बघ. ट्विन टर्बो नावाची एक छोटी मुलगी आहे. प्रत्येक शर्यतीत जीव खाऊन पुढे सुटते आणि शेवटी मान टाकते. कितीतरी भाग ती निव्वळ हसण्यासाठी आहे. १९९३ ची ऑल कमर्स शर्यत येते आणि त्याच मुलीकडून मालिका जे करून घेते, ते दुसऱ्या कोणाला घेऊन जमलंच नसतं. खरा ट्विन टर्बोही ती शर्यत तसाच पळाला होता. विनोदी मालिका म्हणून मला हीच गोष्ट सगळ्यात आवडते, तिथे चेष्टा वाया जात नाही.

राइस शॉवरचे दोन भाग बाबांना नक्की कळतील. १९९२ च्या किक्का शोमध्ये ह्या घोड्याने मिहोनो बर्बनचा तिहेरी मुकुट मोडला, १९९३ मध्ये मॅक्वीनची वसंत तेन्नो शोची सलग तिसरी जीत मोडली. प्रेक्षकांना फेव्हरिट जिंकायला हवा होता, म्हणून जिंकणारा खलनायक. ज्याने कधी टोटच्या, म्हणजे पैज लावायच्या, खिडकीशी उभं राहून तिकीट फाडलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खऱ्या राइस शॉवरचं १९९५ मध्ये काय झालं ते मात्र इतक्यात नको.

माझी पद्धत सांगते. सीझन संपला की संध्याकाळी बसून खरी नोंद सांगायची, एकेक घोडा. अपवाद फक्त डर्बीचा. १९९८ च्या डर्बीत मालिका स्पेशल वीक आणि एल कॉन्डोर पासाला एकत्र पोचवते. खऱ्या डर्बीत एल कॉन्डोर पासा नव्हताच, तेव्हा परदेशात जन्मलेल्या घोड्यांना त्या शर्यतीत प्रवेश नव्हता. स्पेशल वीक पाच लेंग्थनी, म्हणजे पाच घोड्यांच्या लांबीने, जिंकला आणि यूताका ताकेची ती पहिली डर्बी. तुम्ही तो भाग पार केलाय. बाबा काही म्हणाले का?

वाशीतला_तिरसट

दोन पैसे माझेही. हे सगळं एका मोबाइल गेमची जाहिरात आहे. गेममध्ये पैसे भरून सोडत काढायची, नशिबात असेल तर आवडती पोरगी मिळते. म्हणजे आधी घोड्यांवर जुगार, आता घोड्यांच्या चित्रांवर जुगार. त्यात निम्म्याहून जास्त घोडे नर होते, त्यांना झगे घालून नाचवायचं कारण काय? आणि जो धंदा पाय मोडला की घोडा मारतो, त्याच धंद्याचं हे गोंडस तोंड. बाबांना खऱ्या शर्यतींच्या जुन्या चित्रफिती दाखवा, त्या फुकट आहेत.

उपवनची_फिजिओ (ठाणे)

तिरसट, सोडतीबद्दल वाद नाही. मी गेम खेळते आणि पैसे भरायचे नाहीत असा नियम केलाय, तो पाळायला त्रास होतो, म्हणजे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण मालिका २०१८ ची आहे. गेम लांबत लांबत जपानमध्ये फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, इंग्रजीत जून २०२५ मध्ये. ज्या मालाचा पत्ता नाही त्याची तीन वर्षं आधी जाहिरात करून पहिल्या सीझनला काय मिळालं, ते मला अजून कळलेलं नाही.

गोंडस तोंडाचं म्हणाल तर हारु उरारा बघा. कोचीच्या छोट्या रेसकोर्सवरची घोडी, ११३ शर्यती, एकही जिंकली नाही. रेसकोर्स बंद पडायच्या बेताला आला होता आणि ह्या हरणाऱ्या घोडीला बघायला देशभरातून लोक यायला लागले. २००४ मध्ये यूताका ताके, म्हणजे जपानचा सगळ्यात नावाजलेला जॉकी, एका शर्यतीसाठी तिच्यावर बसला. अकरांत दहावी आली. तिची हरलेली तिकिटं लोक गाडीत ताईत म्हणून ठेवायचे. पुढे बरीच वर्षं ती कुठे आहे याची फारशी कोणाला खबर नव्हती. इंग्रजी गेम आला, जगभरच्या पोरांनी तिचं नाव शोधलं आणि म्हाताऱ्या घोड्यांच्या चाऱ्यासाठी पैसे पाठवायला लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती गेली, २९ वर्षांची होऊन. जाहिरातीने का होईना, तिच्यापुढे गवत पडलं.

नरांना मुली का केलं, याचं उत्तर मला देता येत नाही आणि द्यावंसंही वाटत नाही. तसं पाहिलं तर वोडका आणि दाइवा स्कार्लेट मुळातच घोड्या होत्या. वोडकाने २००७ ची जपानी डर्बी जिंकली, तेव्हा ६४ वर्षांनी एका घोडीने ती जिंकली होती. पुढच्या वर्षी शरद तेन्नो शोमध्ये ह्या दोघी इतक्या लागून आल्या की फोटो बघून निकाल द्यायला दहा मिनिटांहून जास्त लागली आणि फरक निघाला दोन सेंटिमीटर. मालिकेत दोघी डब्यातल्या शेवटच्या घासावरूनही भांडतील अशा आहेत. आता कळलं ना का ते?

बिनजोड_उलवे

मी उलव्याचा. आमच्याकडे रेस म्हणजे बैल. छकडा. त्यामुळे इथे लिहू की नको असं झालं होतं, पण ताईंनी सिंड्रेला ग्रेचं विचारलंय म्हणून लिहितो.

मला ॲनिमे वगैरे काय समजत नाय. पुतण्याने दाखवलं. पहिल्या भागात ती ओगुरी कॅप कासामात्सु नावाच्या गावठी ट्रॅकवर धुळीत पळते आणि वाटी वाटी भात खाते, तिथेच आपण फिदा. खाणाऱ्या जनावराला आमच्याकडे मान असतो. शर्यतीच्या बैलाला काय काय घालतात ते मी सांगितलं तर फिजिओ ताई डाएट बदलतील.

पुतण्याने नंतर खरं काय ते सांगितलं. ओगुरी कॅप तिथे बारा पळाला, दहा जिंकला. मग १९८८ ला मोठ्या लीगमध्ये गेला. तिथे एकामागून एक शर्यती मारल्या, पण डर्बी पळता नाय आली. का? तर लहान असताना त्या शर्यतींसाठी नोंदणीचा फॉर्म आणि फी भरली नव्हती. घोडा तयार, माणसं तयार, फॉर्म नाय. हे ऐकून आमच्या घरात सगळे हसले, कारण सिडकोच्या कागदांमध्ये आमचं आयुष्य गेलंय. नंतर जपानवाल्यांनी नियम बदलला, जादा फी भरून उशिरा नोंदणी करता येते. त्याच नियमाने पुढे टी. एम. ओपेरा ओ आणि कितासान ब्लॅक मोठ्या शर्यतीत शिरले आणि जिंकले. पण ओगुरीला काय उपयोग.

तिरसट भाऊंना एक सांगायचंय. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरमध्ये परत परवानगी मिळाली, २०२३ ला कोर्टाने कायदाच मान्य केला. मधली सात वर्षं बैल दावणीला. काही म्हणाले जनावराची सुटका झाली. काही गोठ्यांत बैलच नाय राहिले, ते कुठे गेले कोणी विचारलं नाय. दोन्ही खरं. आणि आता बकासुर नायतर मथुर पळणार म्हटलं की माणसं कामधंदा सोडून येतात, मोबाइलवर बैलाचा फोटो, गाडीच्या काचेवर बैलाचं नाव, जिंकला की गुलाल. त्या बैलांवर गाणी पण आहेत. त्यामुळे जिंकल्यावर गाणं कशाला, हा काकांचा प्रश्न मला पटला नाय. गाणं पायजेच. आमच्याकडे फक्त बैल स्वतः गात नाय.

काका बिनजोड, म्हणजे आमची बैलांची शर्यत, बघायला येणार असतील तर कळवा, खुर्चीची सोय करतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना.

खाडीपलीकडची (ऐरोली)

सगळ्यांचे आभार. झालं ते सांगते.

मी काहीच सांगितलं नाही. सातवा भाग लावला. सुझुका सुटली, बाबा खूश. पहिल्या १००० मीटरचा वेळ पडद्यावर आला तसे ते पुढे सरकून बसले. म्हणाले, ‘वेड लागलंय का हिला? दोन हजाराच्या शर्यतीत अर्ध्यालाच एवढं?’ मग ते वळण आलं. मालिकेत काही कळायच्या आधी, म्हणजे मला तरी काही दिसायच्या आधी, बाबा म्हणाले, ‘पाय गेला.’ फक्त तिची मान किंचित वर झाली होती.

मग त्यांनीच सांगितलं. महालक्ष्मीला त्यांनी हे बघितलंय. घोड्याची मान अशी वर होते, जॉकी लगाम खेचतो, मागचे घोडे फुटून बाजूने जातात आणि लोक पुढे कोण आलं तिकडे बघत असतात. गाडी येते, माणसं पडदा धरून उभी राहतात. पडदा धरला की काय ते समजायचं. ‘हिच्याभोवती पडदा का नाही धरला?’ असं त्यांनी विचारलं आणि मी काहीच बोलले नाही, म्हणजे सांगितल्यासारखंच झालं. म्हणजे फिजिओताई, तुमचा नियम आमच्या घरात भागाच्या मध्येच मोडला.

ती वाचली तेव्हा म्हणाले, ‘खोटं आहे.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘चालू दे.’ गाण्याला त्या दिवशी पाणी प्यायला गेले नाहीत, कारण त्या भागात नाचगाण्याला कोणाचंच मन नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली. आता त्यात घोड्याचं नाव, पल्ला, वेळ, खरा निकाल आणि ‘सिनेमातला निकाल’ असे रकाने आहेत. मालिकेला ते सिनेमाच म्हणतात. डर्बीच्या ओळीत त्यांनी लाल पेनाने लिहिलंय: फोटो मागवावा.

स्पेशल वीकच्या १९९९ च्या दोन शर्यती त्यांना फार आवडल्या. जपान कपला फ्रान्सकडून आलेला माँज्यू हरला हे मी वाचून दाखवलं. मालिकेत त्या पाहुणीचं नाव ब्रॉय आहे, का ते इथल्या जाणकारांनी सांगावं. आणि त्यानंतरच्या अरिमा किनेन शर्यतीला यूताका ताकेने जिंकलो समजून फेरी मारली, मग फोटोत ग्रास वंडर नाकाच्या टोकाने पुढे निघाला. बाबा इतके हसले की शेजारच्या काकूंनी बेल वाजवली. ‘असे जॉकी आपल्याकडेही होते,’ एवढंच म्हणाले, नावं घेतली नाहीत.

वोडकाचं सांगितलं तेव्हा एक गंमत झाली. ६४ वर्षं म्हणजे आधीची घोडी १९४३ ला जिंकली असणार, असं त्यांनी बोटांवर मोजून काढलं. मी शोधलं, बरोबर, कुरीफुजी नावाची घोडी. तर बाबा म्हणाले, ‘आपली इंडियन डर्बी १९४३ लाच सुरू झाली, आणि पहिली डर्बी पण घोडीनेच मारली. प्रिन्सेस ब्यूटिफुल. बडोद्याच्या महाराजांची.’ हे त्यांच्या जन्माच्या आधीचं आहे. पण पुढे मी विचारलं, ती पोरगी झाली तर कशी असेल, तर जराही न थांबता म्हणाले, ‘नऊवारीत. आणि कोणाशी बोलणार नाही.’

दुसरा सीझन सुरू केलाय. टोकाई टेओ आली तसं त्यांचं पहिलं वाक्य: ‘बाप कोण?’

आता इथे मोठीच पंचाईत झाली. टेओ जिच्या मागे ‘कैचो, कैचो’ करत फिरते ती विद्यार्थी अध्यक्ष, सिंबोली रुडॉल्फ, १९८४ ला न हरता तिहेरी मुकुट जिंकणारा पहिला जपानी घोडा, तोच खऱ्या टेओचा बाप. मी सांगितलं. बाबा पडद्याकडे बघत राहिले. तिथे दोन शाळकरी मुली गणवेशात बोलत उभ्या. शेवटी म्हणाले, ‘तरीच. चालीत आहे.’

बिनजोड दादा, बाबा येतो म्हणालेत. पण मला बाजूला घेऊन विचारलं, बैलाला वजन किती असतं.

बिनजोड_उलवे

बैलाला वजन नाय, मालकाला असतं. या तुम्ही.

उपवनची_फिजिओ (ठाणे)

ब्रॉयचं: प्रत्येक घोड्याच्या नावासाठी मालकाची परवानगी घ्यावी लागते. जपानी मालकांतही सगळ्यांनी दिलेली नाही, त्यामुळे काही मोठी नावं मालिकेत दिसतच नाहीत, आणि बरेचसे परदेशी घोडे वेगळ्या नावाने येतात. जपानी चाहत्यांनाही कंपनीची सूचना आहे की घोड्यांची बेअब्रू होईल असं काही काढू-लिहू नका. त्यामुळे वहीत ‘सिनेमातलं नाव’ असा रकाना वाढवा.

आणि उलव्याच्या मैदानात खुर्ची मिळाली तरी बाबांना मध्ये मध्ये उठवून चालवा. ऑपरेशन झालेला गुडघा दोन तास वाकवून ठेवू नका. काठी न्या, दुर्बीण नेली तरी चालेल.

दुसरा सीझन झाला की ‘रोड टू द टॉप’ लाव, चारच भाग आहेत, आणि शर्यती जास्त, दंगा कमी. बाबांना गाण्याचा त्रास कमी होईल. सिंड्रेला ग्रे त्याच्यानंतर, निवांत.

खाडीपलीकडची (ऐरोली)

आणखी एक. तेराव्या भागाच्या अलीकडे येऊन थांबलोय, १९९३ ची अरिमा किनेन उद्या आहे. बाबा म्हणतात, निकाल सांगू नकोस, पण टोटवर भाव काय होता तेवढा शोधून दे. द्यायचा का?

उपवनची_फिजिओ (ठाणे)

फेव्हरिट बिवा हायाहिदे होता. टेओ नव्हता. एवढंच सांग.

जीबीरोडचा_कैदी (ठाणे)

मग टेओवर माझे दहा रुपये.

मॉडरेटर

पैजा ह्या धाग्यावर नकोत. आणि ती शर्यत होऊन तीस वर्षं उलटली आहेत.